वीतभर अंतर

"घेऊन राहिलो ना, मॅडम."

दम्याचा पंप घेता का, असं मी विचारलं की तो एवढंच म्हणायचा. दोन्ही हात टेबलाच्या कडेवर रोवलेले, खांदे कानांपर्यंत चढलेले, छातीत शिट्ट्या वाजतायत, चार शब्द बोलायला दोनदा श्वास घ्यावा लागतोय, आणि तरी चेहऱ्यावर शहाण्या मुलासारखा आज्ञाधारक भाव. पाच वर्षं मी हे वाक्य ऐकलं आणि पाच वर्षं मला ते खोटं वाटलं.

तुम्ही कधी सरकारी दवाखान्याच्या बाकावर तासभर बसला असाल तर असा एखादा तुम्हीही पाहिला असेल. सगळं सांगितल्याप्रमाणे करतो म्हणणारा, आणि तरी दर महिन्याला मरायला टेकून येणारा. डॉक्टर लोकांच्या डोक्यात जातात ही माणसं. माझ्या तर फारच जातात, कारण मुळात माझा स्वभाव गोड नाही. आमची सिस्टर म्हणायची, "मॅडम, तुम्ही नाकावर माशी बसू देत नाही." नाहीच देत. बाहेर ही गर्दी, आत मी एकटी. गोड बोलायला सवड लागते.

गाव लातूर जिल्ह्यातलं, मुरुडपासून फार लांब नाही. नाव सांगत नाही, कारण त्या गावात मी जे केलं ते मिरवण्यासारखं नाही. गावात मोंढा आहे, म्हणजे धान्याचा बाजार, आणि हा माणूस तिथे लिलाव पुकारायचा. सोयाबीन, तूर, हरभऱ्याचे ढीग लागलेले, भोवती व्यापाऱ्यांचं कोंडाळं, आणि हा एका ढिगावरून दुसऱ्या ढिगाकडे जात भाव चढवतोय. मी बदली होऊन आले त्या दिवशी एसटीतून उतरले तेव्हा सगळ्यात आधी त्याचा आवाज ऐकला होता. माणूस कितीतरी उशिरा भेटला.

त्या आवाजावर त्याचं पोट होतं. घरची जमीन होती, पण ती भाऊ बघायचे. शेतात याला कोणी धरतही नव्हतं, कारण बैलांमागे वीस पावलं गेला की हा बांधावर बसायचा. पुकारायचं काम गेलं तर हा माणूस कशालाच उरत नाही, हे त्याला माहीत होतं, गावाला माहीत होतं, आणि मलाही माहीत होतं. आणि तुरीचा हंगाम आला, मोंढ्यात फोलपटांची धूळ उडायला लागली, की आवाज जायचा. आधी ताणलेला सूर तुटायचा, मग शब्द, मग दोन माणसं याला दोन्ही बगलांत धरून माझ्याकडे आणायची.

वर मिजास केवढी. धाप लागलेली असतानाही शर्ट इस्त्रीचा, गळ्यात पांढरा रुमाल, केसांना तेल. जरा बरं वाटलं की बाकावरच्या लोकांना शिकवायला सुरुवात. "ओ मावशी, लायनीत उभे ऱ्हावा. मॅडम लई कडक हायत." सिस्टरच्या हातातले केसपेपर घेऊन हा पेशंटची नावं पुकारायचा, मोंढ्यातल्यासारखी. एकदा साधं, दुसऱ्यांदा चढ्या आवाजात, तिसऱ्यांदा शेवटचं अक्षर ताणून. लोक हसायचे. नाव पुकारलं जाताना म्हातारी माणसं तर अशी ताठ उठायची की जणू त्यांनाच चांगला भाव मिळाला. मी आतून ओरडायचे, "हा काय बाजार आहे का?" तो गप्प व्हायचा आणि दोन मिनिटांनी परत सुरू.

तोंडावर मी त्याला अहो-जाहो करायचे, मनात मात्र अरे-तुरे. तुमच्यापाशी कशाला लपवू.

माझं म्हणणं साधं होतं. दवाखान्यात आला की सिस्टर त्याला वाफेच्या मशीनवर बसवायची. नाकातोंडावर मास्क, पंधरा-वीस मिनिटं वाफेतून औषध, आणि हा माणूस उठून चालायला लागायचा. म्हणजे औषध लागू पडत होतं. तेच औषध, त्याच्याबरोबर रोज घ्यायचं दुसरं, दोन्ही पंप मी त्याला घरी देत होते. घरी फरक शून्य. मग याचा अर्थ काय? घेत नाही. लहान मुलालाही कळेल असं गणित.

रिकामे पंप मात्र दर महिन्याला न चुकता आणून द्यायचा. धुतलेले, कागदात गुंडाळलेले. सिस्टर म्हणायची, "बघा, घेतात की मॅडम." मी म्हणायचे, "हवेत दाबून रिकामे करत असेल." मला वाटायचं, काय टोला हाणला.

आणि मग ते पाणी.

दवाखान्यात माठ होता, त्यावर दोन स्टीलचे ग्लास. त्रास फार वाढला की मी त्याला गोळ्या समोरच घ्यायला लावायचे, कारण याच्यावर विश्वास नव्हता. सिस्टर ग्लास भरून द्यायची. हा मान मागे टाकायचा, आ करायचा आणि वीतभर वरून पाण्याची धार तोंडात सोडायचा. इतकी धाप लागलेली, घोट गिळताना ठसका लागतोय, डोळ्यांत पाणी येतंय, पण ग्लासाला ओठ लावायचा नाही म्हणजे नाही. मशीनचा मास्कही वापरून झाला की हा स्वतः नळावर नेऊन घासायचा.

आमचं घर बौद्ध. वडील नांदेडला सरकारी नोकरीत होते, मी तिथेच वाढले, पण आजोबा लोह्याकडच्या एका खेड्यातले. त्यांना दुसऱ्यांच्या दारात पाणी मिळायचं ते असंच, वरून ओतलेलं, त्यांच्या ओंजळीत. भांड्याला त्यांचा हात लागू नये म्हणून. ते हे सांगायचे तेव्हा त्यांचे हात आपोआप ओंजळीसारखे व्हायचे. आता मी डॉक्टर, खुर्ची माझी, माठ माझा, आणि हा घरंदाज शेतकऱ्याच्या घरातला माणूस माझ्या ग्लासाला तोंड लावत नव्हता.

मी त्याला कारण विचारलं नाही. पण हे पाहिल्यापासून मला हा माणूस नकोसा झाला. त्याची धापसुद्धा नकोशी झाली. तो आत आला की मी कागदावर लिहायला लागायचे आणि वर न बघता विचारायचे, "पंप घेता का?"

"घेऊन राहिलो ना, मॅडम."

औषधाची ताकद वाढवली. उपयोग नाही. लातूरच्या छातीच्या डॉक्टरांकडे पाठवला. गुपचूप गेला, तिथे रांगेत दिवस काढला, त्यांच्याकडून आणखी भारी पंप लिहून घेऊन आला. त्यांनी कागदावर लिहिलं होतं, तीव्र दमा, उपचारांना दाद देत नाही. मी तो कागद वाचून हसले. दाद कशी देईल? औषधाची आणि याची गाठ तर पडली पाहिजे.

पाचव्या वर्षी तुरीच्या हंगामात लिलाव दोनदा मध्येच थांबला. हा ढिगापाशीच खाली बसला, व्यापारी ताटकळले, शेतकरी वैतागले. बाजार समितीच्या सचिवांनी याला सांगितलं, डॉक्टरांचं लिहून आण, धुळीत पुकारायला चालतं म्हणून. तो माझ्याकडे आला. त्या दिवशी त्याने कुणाची नावं पुकारली नाहीत. नंबर आल्यावर आत आला.

"मॅडम, येवढं लिहून देताव का? तुमच्या सहीवर हाय समदं."

मी लिहून दिलं. झरझर लिहिलं, मला आजही पाठ आहे. रुग्णास तीव्र दमा आहे. रुग्ण औषधे नियमित घेत नाही. धुळीच्या ठिकाणी काम करण्यास योग्य नाही. खाली सही, त्यावर गोल शिक्का.

त्याने कागद हातात धरून सावकाश वाचला. बोट मधल्या ओळीवर थांबलं.

"मॅडम, घेऊन राहिलो की."

"पुढचा पेशंट पाठवा," मी म्हणाले.

तो कागद त्याने फाडला असता तर कुणाला कळलं असतं? पण त्याने घडी घातली, खिशात ठेवला आणि सरळ नेऊन सचिवांच्या हातात दिला. मला हे सिस्टरकडून समजलं आणि मी म्हणाले, "मूर्ख आहे." एवढंच म्हणाले.

पंधरा दिवसांनी मोंढ्यात हमालांची तपासणी होती. रक्तदाब, साखर, ज्यांना खोकला आहे त्यांची थुंकी. शेडखाली टेबल मांडून मी बसले होते. हा समोरच्या बाजूला रिकाम्या बारदानाच्या गठ्ठ्यावर बसलेला. त्याला समितीने 'आराम करा' म्हणून सांगितलं होतं, पण रोज सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून यायचाच. त्याच्या जागी तात्पुरता कुणीतरी पुकारत होता आणि हा त्याचे ओठ बघत होता.

मग त्याने खिशातून पंप काढला. हलवला, सांगितल्याप्रमाणे. श्वास पूर्ण सोडला, सांगितल्याप्रमाणे. मान मागे टाकली, आ केला, पंप तोंडाच्या वीतभर वर धरला आणि दाबला.

पांढरा फवारा उन्हात निघाला आणि वाऱ्याबरोबर तुरीच्या ढिगाकडे गेला. याने तोंड मिटलं, डोळे मिटले आणि बोटांवर दहा मोजले. मन लावून. मग दुसरा फवारा, परत दहा. मग बाटलीतलं पाणी वरूनच तोंडात घेऊन चूळ भरली. चूळ भरायलाही मीच सांगितलं होतं.

मला हसू यायला हवं होतं. आलं नाही. मी टेबल सोडून त्याच्याकडे गेले.

"हे असंच घेता?"

तो उठून उभा राहिला. "हाव. सकाळी दोन, राती दोन. येक दिस चुकला न्हाई."

"पाच वर्षं?"

"म्हनलं की तुमाला. घेऊन राहिलो म्हनून."

"तोंडाला का लावत नाही?"

त्याला प्रश्नच कळेना. "उष्टा व्हईल की मॅडम. रिकामा झाला की तुमी भरून दुसऱ्याला देताव. माझा रोग त्येच्या तोंडात कशाला? आन तुमच्या औषधवाल्या सरांनी बी असाच लांबून दाखविला व्हता."

त्याला वाटत होतं की पंप गॅसच्या टाकीसारखा. रिकामा द्यायचा, भरलेला घ्यायचा. म्हणून तर धुऊन, कागदात गुंडाळून आणत होता. आमच्या औषधवाल्यालाही मी नंतर फैलावर घेतलं. तो म्हणाला, "मॅडम, जो पंप दाखवायचा तोच पेशंटला द्यायचा असतो. मी तो तोंडाला कसा लावणार? हवेतच दाखवतो." त्याचंही बरोबर. लातूरच्या डॉक्टरांनीही, एवढी वर्षं पंप घेतोय म्हणजे हाताला सवय असणार, असं समजून करून दाखवायला लावलं नसेल. आणि मी? मला फक्त एवढं म्हणायचं होतं की पंप काढा आणि माझ्यासमोर घ्या. एक मिनिटाचं काम. पाच वर्षांत ते एक मिनिट मी या माणसाला दिलं नाही, कारण तो खोटारडा आहे हे माझं ठरलं होतं.

तरी मी विचारलंच. "आणि दवाखान्यातलं पाणी? ते का वरून पिता?"

"आईला दमा व्हता मॅडम. तिचा प्याला येगळा ठिवायचे, गोठ्याच्या भिताडात. म्या बारका असताना येकदा त्यातून पाणी पिलो. गुपचूप. मंग मला लागला." तो हे अगदी साधेपणाने सांगत होता. "तुमच्या गिलासातून बारकी लेकरं पितेत. म्हनून."

तुम्ही म्हणाल, तुझी शंका उगाच नव्हती. नव्हतीच. माझ्या आजोबांच्या ओंजळीतून आलेली शंका होती ती, आणि अशी माणसं मी पुढेही पाहिली आहेत ज्यांच्या बाबतीत ती शंभर टक्के खरी ठरली. पण याला मी विचारलं नव्हतं. आईच्या पेल्यातून पाणी पिण्याची शिक्षा आयुष्यभर स्वतःला देणाऱ्या माणसाला मी पाच वर्षं मनातल्या मनात शिव्या दिल्या. मला माझी किळस आली. हा शब्द मी विचार करून वापरतेय.

तिथेच, बारदानावर बसून, मी त्याला शिकवलं. पाण्याची अर्ध्या लिटरची बाटली घेतली, तिच्या बुडाला पंपाच्या तोंडाएवढं भोक पाडलं, पंप त्यात बसवला. बाटलीचं तोंड ओठांत धरायचं, पंप दाबायचा, सावकाश आत ओढायचं. तो बाटली ओठांपर्यंत न्यायचा आणि थांबायचा.

"लावा तोंड. हा रोग उष्ट्याने लागत नाही. तुमच्या आईकडून लागला तो रक्तातून, पेल्यातून नाही. आणि पंप कुणाला भरून देत नाही आम्ही. कचऱ्यात जातो."

"कचऱ्यात?" त्याचा चेहरा पडला. "मंग इतके दिस धुवून देलो ते?"

"तेही."

मग त्याने ओठ लावले.

दोन महिन्यांनी तो चालत आला, एकटा. "मॅडम, आडवा हून झोपू राहिलो. उशी येकच." हंगाम संपेपर्यंत एकदाही मशीनवर बसला नाही. छातीला नळी लावली तर शिट्ट्या नाहीत. तीव्र दमा, दाद न देणारा. साधी बाटली लागत होती त्याला, आणि तोंडाकडे बघणारा डॉक्टर.

मी नवा कागद लिहिला. रुग्ण औषधे अत्यंत नियमित घेतो, असं लिहिलं आणि अत्यंत या शब्दाखाली रेघ ओढली. स्वतः घेऊन बाजार समितीत गेले. सचिव नम्र माणूस, चहा मागवला. म्हणाले, "मॅडम, उशीर झाला. माइक आणला, त्यावर एका आडत्याचा पुतण्या पुकारतो. आता त्याला कसं काढायचं?" मग त्यांनी फाईल उघडून वरचाच कागद माझ्यासमोर धरला. "आणि आम्ही काय आपल्या मनाने केलं का? तुमच्या अक्षराबाहेर आम्ही थोडेच आहोत." माझं झरझर अक्षर, माझा गोल शिक्का. मी चहा तसाच ठेवून आले.

त्याने माझ्यावर राग धरला नाही, हे मला सगळ्यात जड गेलं. लातूरला एका क्लासच्या मुलींच्या होस्टेलवर वॉचमनची जागा मिळाली, तसा तो निरोप घ्यायला आला. बाकावर बसल्या बसल्या सवयीने सिस्टरच्या हातातले कागद घेतले आणि नावं पुकारली. काय तो आवाज. तिसऱ्यांदा ताणलेलं शेवटचं अक्षर रस्त्यापर्यंत गेलं. मी आतून काही ओरडले नाही. पेन खाली ठेवून ऐकत बसले.

माफी मागायची राहिली. तोंडात येत नव्हती. कुणाची मागायची सवयच नाही मला. म्हणून महिन्याभराने एका रविवारी लातूरला गेले, त्या होस्टेलपाशी. हा गेटवर खुर्ची टाकून बसलेला, इस्त्रीचा शर्ट, रुमाल, तेल. मला बघून उडालाच.

"मॅडम, तुमी?" मोंढ्यातल्या आवाजात.

वरच्या मजल्यावरची खिडकी उघडली. एक मुलगी पुस्तकावरून वाकून म्हणाली, "काका, आवाज. उद्या पेपर आहे."

"चुकलं बाळा," तो लगेच म्हणाला, दोन्ही कान पकडून. मग माझ्याकडे वळून कुजबुजला, "लेकरं अभ्यास करून राहिलेत. हळू बोलायचं असतंय हितं. जमत न्हाई मला, पन शिकू राहिलो."

किती सहज म्हणाला, चुकलं. मी तोच शब्द घेऊन गेले होते. पंप विचारला, बाटली बदलायला सांगितली, केळी दिली, आणि पुढच्या वेळी नक्की म्हणू असं ठरवून परत आले. काय बाई आहे मी.

पुढची वेळ दोन महिन्यांनी आली. खुर्चीत दुसराच माणूस होता, मोबाइलमध्ये डोकं घालून बसलेला. मी याच्याबद्दल विचारलं.

"ते व्हय? ते दिसा, म्या रातपाळीला व्हतो. त्यांना कमी केलं."

"का?"

"लई मोठा आवाज हो त्यांचा. पोरींनी तक्रार केली, क्लासवाले म्हनले नको."

"कुठे गेले?"

"न्हाई माहीत. फोन बी बंद हाय त्यांचा." त्याने पहिल्यांदाच मान वर करून माझ्याकडे बघितलं. "तुमी कोन त्यांच्या?"

"डॉक्टर."

"आजारी व्हते का ते?" तो म्हणाला. "आवाजावरून तर कधी वाटलं न्हाई."